नऊ महिने थांबू द्या: कबड्डीच्या संघटनांना आणि मंडळांना खुलं पत्र

प्रति,
जिल्हा कबड्डी संघटनांचे पदाधिकारी, निवड समित्यांचे सदस्य आणि गावोगावी स्पर्धा भरवणारी मंडळे यांस

स. न. वि. वि.

कुमार-कुमारी गटाच्या निवड चाचणीची सूचना व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. आधारकार्ड, जन्मदाखला, वजन, बूट, वेळ सकाळी आठ, सगळं ठीक. शेवटून दुसरी ओळ अशी आहे : ‘चाचणीस गैरहजर राहणाऱ्या खेळाडूचा कोणत्याही कारणास्तव विचार केला जाणार नाही.’ गेल्या वर्षीच्या सूचनेतही हीच ओळ होती. त्या ओळीने एका मुलीच्या गुडघ्याचं काय केलं ते मी माझ्या दवाखान्यात पाहिलं आहे. सूचना कोणत्या जिल्ह्याची ते मुद्दामच लिहीत नाही. शेजारपाजारच्या जिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांना विचारलं, तर त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी माझा छोटा दवाखाना आहे. पाठ धरलेले बागायतदार, खांदा आखडलेल्या शिक्षिका, पक्षाघातातून उठणारी म्हातारी माणसं, आणि नोव्हेंबर ते मे या काळात कबड्डीचे गुडघे. शाळा-कॉलेजात मी स्वतः डावी मध्यरक्षक म्हणून खेळले, त्यामुळे पत्रातली भाषा परक्याची वाटायचं कारण नाही. मॅटच्या आधीचं मातीचं मैदानही मी अंगावर घेतलंय.

ती मुलगी कुमारी गटातली चढाईपटू. नाव लिहीत नाही, तिला अजून खेळायचं आहे. जानेवारीत एका रात्रीच्या सामन्यात बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा जादा गुण) घेऊन परत वळताना तिचा गुडघा आत गेला. कोणी पकडलं नव्हतं, हातसुद्धा लावला नव्हता. ‘कट्ट’ असा आवाज तिच्याबरोबर कोपरारक्षकालाही ऐकू गेला. स्प्रे मारला, क्रेप बँडेज बांधलं, आणि सामना दोन गुणांवर अडकला होता म्हणून दुसऱ्या सत्रात पुन्हा उतरवलं. मग महिनाभर ‘गुडघ्यात पाणी झालंय’ म्हणून शेक, लेप आणि एका मालिशवाल्याच्या तीन फेऱ्या. एमआरआय झाला तेव्हा कळलं, की एसीएल पूर्ण तुटलंय. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि पाय रोवून अंग फिरवताना गुडघा निसटू नये, याचा भार ज्या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर असतो ते हे. आंब्याचे पैसे हातात आल्यावर जूनमध्ये दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. चाचणी नोव्हेंबरात. म्हणजे पाच महिने.

चाचणीच्या आधी तिने माझ्याकडे ‘खेळण्यास सक्षम’ असा दाखला मागितला. मी तिला व्हरांड्यात नेलं. तिथे एकसारख्या चौकोनी फरश्या आहेत, टेप धरायची गरज पडत नाही. एका पायावर सलग तीन उड्या, शेवटच्या उडीनंतर न डगमगता उभं राहायचं. चांगल्या पायावर ती सात फरश्या ओलांडून गेली. शस्त्रक्रियेच्या पायावर पाच, आणि शेवटी हात भिंतीला. मांडीचा घेर मोजला, दोन पायांत डोळ्यांनी दिसेल एवढा फरक. दुखत मात्र कुठेच नव्हतं. ‘मॅडम, काहीच दुखत नाही हो,’ हे ती पुन्हापुन्हा सांगत होती आणि ते खरंच होतं.

मी दाखला दिला नाही. दुसरीकडे मिळाला, पाच मिनिटांत, एका ओळीचा, शिक्क्यासह. चाचणीत तिसऱ्या चढाईला तोच गुडघा पुन्हा गेला. या वेळी लिगामेंटबरोबर गादीही फाटली.

नंतर एका जबाबदार माणसाशी बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, ‘आम्ही काय जबरदस्ती केली होती का?’ केली होती. सतरा वर्षांच्या मुलीसमोर दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण असतात, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण असतं, पोलीस भरतीचं स्वप्न असतं, आणि त्या सगळ्याकडे जाणारी पहिली पायरी म्हणजे राज्य स्पर्धेत जिल्ह्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र.  ‘कोणत्याही कारणास्तव’ हे दोन शब्द वाचून कोणती मुलगी घरी बसेल? मी तिच्या जागी असते तर मीही गेले असते.

आता तक्रारी एकेक करून मांडते. राग आहे, पण तो बाजूला ठेवते. कबड्डी या मातीत टिकली ती तुम्ही पदरमोड करून, रात्री जागून, वर्गणी मागून मैदानं आखलीत म्हणून, हे मला ठाऊक आहे.

पहिली तक्रार त्या ओळीबद्दल, म्हणजे वेळेबद्दल. यावर सगळ्यात सविस्तर लिहिणार आहे, कारण बाकीचं सुधारायला पैसा लागेल, याला लागत नाही.

शस्त्रक्रियेत तुटलेलं लिगामेंट शिवत नाहीत. बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून ती गुडघ्यात बसवतात. ही कंडरा तिथे गेल्यावर आधी तिचा रक्तपुरवठा तुटतो, मग हळूहळू नवा तयार होतो आणि काही महिन्यांत तिची वीण बदलत जाऊन ती लिगामेंटसारखी होत जाते. या बदलाच्या पहिल्या काही महिन्यांत ती बसवतानाच्या वेळेपेक्षाही कमजोर असते. आणि नेमकं याच सुमारास सूज उतरते, दुखणं थांबतं, मुलगी जिना पळत चढते, आई म्हणते बरी झाली. आंब्याच्या नव्या कलमाला पहिल्या वर्षी आलेला मोहोर आपण खुडून टाकतो, कितीही जीव तुटला तरी. झाडावर ओझं नको हे कोकणात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. मग पोरीच्या गुडघ्याबाबत हा विचार कुठे जातो?

ही काही माझी धास्ती नाही. नॉर्वेच्या हेगे ग्रिंडेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं पुढे ढकललं, तितकं दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी होत गेलं. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या यांच्या चाचण्या पास होऊन जे परतले, त्यांच्यात ५.६ टक्के लोकांना पुन्हा दुखापत झाली. नापास असूनही परतले त्यांच्यात ३८.२ टक्के. १०६ हा आकडा लहान आहे, मान्य. पण २०२० मध्ये स्वीडनमधून तरुण खेळाडूंचा आणखी एक अभ्यास आला. नऊ महिन्यांच्या आत पाय रोवून वळण्याच्या, उड्या मारण्याच्या खेळात जे उतरले, त्यांच्यात नव्याने एसीएल जाण्याचं प्रमाण थांबलेल्यांच्या जवळजवळ सातपट होतं. नवं म्हणजे त्याच गुडघ्याचं असं नाही, कधी कधी दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याचंही.

नऊ महिने ही किमान मुदत आहे. नऊ महिने झाले म्हणून मैदानात सोडा, असं त्याचा अर्थ कोणी लावू नये. ताकद, उडी, दिशा बदलणं, आणि मनातली भीती, हे सगळं तपासायचं. भीतीचंही मोजमाप करणाऱ्या प्रश्नावल्या आहेत. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला हिशेब असा, की शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळात परत पोहोचणारे शंभरात ५५. म्हणजे सगळं नीट झालं तरी निम्म्याच्या थोडं वर. त्यात आपण घाईची भर घालतो.

क्रिकेटपटू ऋषभ पंतचा गुडघा ३० डिसेंबर २०२२ च्या अपघातात गेला आणि तो आयपीएलमध्ये उतरला मार्च २०२४ मध्ये. जवळपास पंधरा महिने. त्याच्यासाठी राष्ट्रीय अकादमी होती, रोजचे फिजिओ होते, आहार सांभाळणारी माणसं होती, आणि या सगळ्या काळात त्याची जागा जाईल म्हणून त्याला कोणी पाचव्या महिन्यात चाचणीला बोलावलं नाही. आमच्या पोरीकडे यातलं काहीच नाही. रबरी पट्टा घेऊन ओटीवर एकटीने व्यायाम करते, आणि तिला मुदतही त्याच्या एक तृतीयांश.

दुसरी तक्रार दाखल्याची. ‘खेळण्यास सक्षम आहे’ या तीन शब्दांना काही अर्थ नाही. कोणती दुखापत, शस्त्रक्रियेची तारीख, ताकद किती, उडी किती, कोणी तपासलं, यातलं काही त्यात नसतं. सर्दी-तापाचा आणि एसीएलचा दाखला एकाच छापाचा. आमच्या व्यवसायातल्या लोकांचाही यात दोष आहे, तो मी तुमच्या गळ्यात घालत नाही. पण कागद मागता तुम्ही, त्यामुळे तो कसा हवा हेही तुम्हीच ठरवू शकता. व्हरांड्यातल्या सात आणि पाच फरश्यांचं गणित केलं तर शस्त्रक्रियेचा पाय चांगल्याच्या ७१ टक्के येतो. जगभर साधारण ९० टक्के धरतात, आणि तेही हात सैल सोडून धरलेलं माप आहे, कारण इतके महिने बसून चांगला पायही उतरलेला असतो.

तिसरी तक्रार वॉर्म-अपची. ही ऐकून काही जण हसतील, म्हणून आधी एक आकडा. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १८९२ फुटबॉलपटू मुलींवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. काही संघांना फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप शिकवला, काहींना नेहमीसारखं खेळू दिलं. वॉर्म-अप करणाऱ्यांत एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर दुखापती निम्म्याच्या आसपास घटल्या. पुढे अशा अनेक कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र करून २०१८ मध्ये काढलेल्या आढाव्यात एसीएलच्या दुखापती निम्म्याने कमी झालेल्या दिसल्या, आणि मुलींमध्ये कोणाच्या स्पर्शाशिवाय होणाऱ्या एसीएलच्या दुखापती दोन तृतीयांशाने. आमच्या मुलीची पहिली दुखापत नेमकी त्याच प्रकारची होती.

यात यंत्र लागत नाही, जिम लागत नाही. पळणं, एका पायावर तोल, प्लँक, गुडघ्यावर बसून पुढे झुकत मांडीच्या मागच्या स्नायूने अंग तोलणं, उडी मारून गुडघा आत न जाऊ देता खाली येणं, वळणं. एकदा शिकवलं की कर्णधार मुलगी सगळ्यांकडून करून घेते. फक्त रोज, निदान आठवड्यातून दोन-तीनदा करावं लागतं. ज्या संघांनी मन लावून केलं त्यांनाच त्याचा जास्त फायदा झाला.

आता आपल्याकडचं दृश्य सांगते, तुमच्याही ओळखीचं आहे. सामना रात्री नऊचा. आठला संघ हजर. मग प्रमुख पाहुणे येतात, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दोन भाषणं, मग आणखी एक पाहुणे उशिरा येतात म्हणून पुन्हा एक सत्कार. मुली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, नाहीतर मैदानाच्या कडेला गवतावर बसलेल्या. डिसेंबरची थंडी, अंगात अर्ध्या बाह्यांची जर्सी. साडेदहाला माइकवरून पुकारा : ‘संघांनी ताबडतोब मैदानात यावे, अन्यथा प्रतिस्पर्धी संघास पुढे चाल देण्यात येईल.’ पोरी उठतात, दोनदा जागच्या जागी उड्या मारतात आणि पहिली चढाई. स्नायू थंड, पाय आखडलेले, आणि समोर हात धरून उभ्या बचावपटूंची साखळी. आडव्यातिडव्या जमिनीवर टाकलेल्या मॅटचे सांधे चिकटपट्टीने जोडलेले असतात, तेही दुसऱ्या सामन्यापर्यंत उचकटतात. यावर आणखी लिहीत नाही. सत्कार करू नका असं म्हणणं नाही. सामना सुरू होण्याच्या वीस मिनिटं आधी संघांना कळवा आणि तेवढी वीस मिनिटं पाहुण्यांना थांबवा.

इलेव्हन प्लस फुटबॉलसाठी बेतलेला आहे, कबड्डीत त्याने सगळं थांबणार नाही हे मलाही कळतं. घोट्याची पकड, मांडीची पकड, वरून पडलेली साखळी, यांत गुडघा दुसऱ्याच्या वजनाखाली जातो. म्हणूनच आपल्या खेळाचा वेगळा कार्यक्रम हवा. ऑस्ट्रेलियाच्या नेटबॉलवाल्यांनी आपल्या खेळापुरता तयार केला. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉल आणि हर्लिंगवाल्यांनीही केला, आणि ते उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. तेही तिथले मातीतले खेळ, खेळणारे हौशी, संघ गावागावांचे, आणि गावाची इज्जत सामन्याला बांधलेली. त्यांना जमलं तर आपल्याला न जमण्यासारखं काय आहे? चढाईपटूचं मागे फिरणं, बोनसचा लांब पाय, कोपरारक्षकाचं गुडघे वाकवून दबा धरून बसणं, हे सगळं बघून दोन फिजिओ आणि दोन जुने प्रशिक्षक आठवडाभर एकत्र बसले तरी पहिला आराखडा होईल.

चौथी तक्रार डोक्याची. डॅश मारताना, म्हणजे चढाईपटूला धक्का देऊन बाहेर ढकलताना, डोकं डोक्यावर आपटतं, पोर उठते, डोळे मिचकावते, पाणी मारतात, ‘काय नाय, काय नाय’ करत पुन्हा उभी करतात. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला जमलेल्या जगभरच्या तज्ज्ञांचं निवेदन २०२३ मध्ये आलं, त्यात याबद्दल आडपडदा नाही : मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मग हलकं चालणं, मग पायरीपायरीने खेळ. पंचांच्या हातात हे ठेवायला काय हरकत आहे? लोण (अख्खा संघ बाद होणं) वाचवण्यापेक्षा ते महत्त्वाचं नाही का?

पाचवी तक्रार पैशाची, आणि इथे मला थोडं कडू बोलावं लागणार आहे. खेळाडूच्या शस्त्रक्रियेला मंडळं मदत करतात. बॅनर लागतो, वर्गणी होते, चेक देतानाचा फोटो येतो. चांगलंच आहे. पण शस्त्रक्रिया तासा-दोन तासांत होते आणि त्यानंतरचे नऊ-दहा महिने कोणाच्याच फोटोत बसत नाहीत. बसभाडं परवडत नाही म्हणून तिसऱ्या महिन्यात मुली येणं बंद करतात. चाकूपेक्षा व्यायाम कमी महत्त्वाचा, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे, आणि ती चूक आहे हे स्वीडनच्या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवलं. त्यांनी एसीएल तुटलेल्या १२१ तरुणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया आणि नियमित व्यायाम, दुसऱ्या गटाला आधी व्यायाम आणि गरज पडलीच तर नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते, आणि दुसऱ्या गटातल्या साठ टक्क्यांहून अधिक लोकांना तोवर शस्त्रक्रियेची गरजच पडली नव्हती. कबड्डीसारख्या वळणावळणाच्या खेळात परतायचं तर अनेकांना शस्त्रक्रिया लागतेच, आणि तो निर्णय अस्थिरोग तज्ज्ञाचा. पण पहिल्या दिवसापासून व्यायाम हवा, शस्त्रक्रिया होवो वा न होवो. ती जानेवारीपासून जूनपर्यंत पैशासाठी थांबली, त्याने तिचं तितकं बिघडलं नसतं. त्या पाच महिन्यांत तिला मांडीचा एकही व्यायाम कोणी सांगितला नाही, मालिश मात्र झालं.

स्प्रेबद्दल दोनच वाक्यं. तो कातडी बधिर करतो, आत लिगामेंटपर्यंत काही पोहोचत नाही, आणि बधिर गुडघ्यावर पोर पुन्हा खेळते हेच त्याचं नुकसान. बर्फाचा जुना मंत्र १९७८ मध्ये ज्यांनी रूढ केला ते डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे सांगितलं, की बर्फाने दुखणं कमी होतं खरं, पण भरून येणं लांबूही शकतं. तेव्हा आधार द्या, दाब द्या, पाय उंच ठेवा, आणि मुख्य म्हणजे मैदानाबाहेर ठेवा.

सहावी तक्रार बोलण्यातली आहे. ‘मुलींचे गुडघे नाजूकच, त्याला आपण काय करणार?’ हे वाक्य मी पदाधिकाऱ्यांकडून ऐकलंय, प्रशिक्षकांकडून ऐकलंय, एका आईकडूनही ऐकलंय. सारख्याच खेळात मुलींच्या एसीएलला मुलांपेक्षा दुपटीने-तिपटीने धोका असतो, हे बरोबर. त्यात शरीराच्या ठेवणीचा भाग आहे, संप्रेरकांवर संशोधन चालू आहे. पण अलीकडे अभ्यासक दुसरंही विचारू लागलेत : मुलीला वजन उचलायला कोणत्या वयात मिळालं, सरावाची वेळ किती मिळाली, प्रशिक्षक कोण, मैदान कोणतं? आमच्याकडे मुलांची तालीम संध्याकाळी सहा ते आठ, आणि मुलींनी अंधार पडायच्या आत घरी जायचं म्हणून साडेचार ते साडेपाच, शाळा सुटल्या सुटल्या, उपाशी पोटी. व्यायामशाळेत मुलींना प्रवेश आहे का, हे विचारायचं धाडस कोणी करत नाही. हे सगळं करून झाल्यावर शरीराला नाजूक म्हणायचं, याला काय म्हणावं?

आणि हे सगळं एका मोसमापुरतं नाही. स्वीडनमध्ये एसीएल गेलेल्या महिला फुटबॉलपटूंना बारा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी वय ३१. एक्स-रेमध्ये निम्म्या जणींच्या गुडघ्यात झीज दिसली, म्हातारपणी होते तशी. त्या स्वीडनच्या बायका. आमच्या मुलीला एकतिसाव्या वर्षी पावसात गुडघाभर चिखलात भात लावायचाय, उकिडवं बसून भांडी घासायचीत, डोंगरातल्या वाडीत पाय उतारावर टाकत जायचंय. प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर असेल, आणि नसेलही.

मागण्या सरळ आहेत.

सूचनेतली ती ओळ काढा. दुखापतीमुळे चाचणीला येऊ न शकणाऱ्या खेळाडूचे कागद तपासा, आणि ती त्याच मोसमात तंदुरुस्त होणार असेल तर तिची चाचणी उशिरा घ्या. होणार नसेल, तर गेल्या मोसमातली कामगिरी धरून पुढच्या मोसमाच्या शिबिरात तिला थेट बोलवा. वयोगट संपत असेल तर वरच्या गटाच्या शिबिरात. आणि एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या कोणालाही नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय चाचणीत उतरवू नका, तिने कितीही हट्ट केला तरी. नियम तुमचा असेल तर हट्ट करायची वेळच तिच्यावर येणार नाही.

दाखल्याचा नमुना तुम्ही ठरवा, एक पानाचा. दुखापत, शस्त्रक्रियेची तारीख, दोन्ही पायांची ताकद, तीन उड्यांचं अंतर, अस्थिरोग तज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट दोघांच्या सह्या. एका ओळीचा दाखला घेऊ नका.

कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक सामन्याआधी वीस मिनिटं वॉर्म-अप म्हणून छापा आणि मैदानाशेजारी त्यासाठी मोकळी जागा ठेवा.

स्पर्धेत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं एक माणूस तरी हवं, आणि खेळाडूला बाहेर बसवण्याचा त्याचा शब्द अंतिम हवा. त्यावर संघ व्यवस्थापकाने वाद घालायचा नाही. डोक्याला मार लागल्याची शंका असेल तर पंचांनीच बाहेर काढावं.

एक नोंदवही ठेवा. कोणाला, कोणत्या सामन्यात, पकडीत की पकडीशिवाय, काय लागलं. जिल्ह्यात एका मोसमात किती गुडघे गेले हे मी विचारलं तेव्हा मला आकडा मिळाला नाही. ‘खूप’ असं उत्तर मिळालं. आकडा नसेल तर कमी झाले की वाढले हे कोणाला कधी कळणार?

बक्षिसाच्या रकमेतला, वर्गणीतला काही भाग शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामासाठी बाजूला ठेवा. बसभाडं दिलंत तरी पुष्कळ.

कबड्डीच्या वॉर्म-अपचा कार्यक्रम तयार करण्यासाठी एक छोटी समिती नेमा. १५ जुलै, बुवा साळवींचा जन्मदिवस, आपण कबड्डी दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी पुरस्कारांबरोबर या कार्यक्रमाचं प्रात्यक्षिकही व्हावं. समितीत काम करायला मी तयार आहे, मानधन नको. तोवर माझ्या तालुक्यातल्या ज्या मंडळाला वॉर्म-अप शिकायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी बोलवावं, मी येईन. मुलांच्या संघांनीही बोलवावं, त्यांचे गुडघे काही लोखंडाचे नाहीत.

ती मुलगी सध्या माझ्याकडे येते. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मांडीची ताकद हळूहळू भरतेय. या वर्षीच्या चाचणीची सूचना तिलाही आली आहे आणि ‘मॅडम, सहा महिने तर होतील ना तोवर?’ असं तिने विचारलं आहे. मी नाही म्हटलं आहे. माझ्या नाही म्हणण्याला तुमच्या नियमाचा आधार हवा आहे, म्हणून चाचणीच्या आधी त्या ओळीबद्दल तुमचं लेखी उत्तर मिळावं ही विनंती.

कळावे,
आपली,
एक फिजिओथेरपिस्ट आणि जुनी डावी मध्यरक्षक